मालतीआक्काच्या कोठीतला पाहुणा

बाजारात एखादी बाई समोरून येते. तिच्या स्वयंपाकघरात चार दिवस पालथी पडून मी कपाटाखाली बॅटरी मारलेली असते. तिची फळी, फळीवरचे डबे, डब्यांमागची जळमटं, सगळं मला तोंडपाठ. पण ती मला बघते आणि एकदम कोथिंबिरीच्या जुड्या निवडायला लागते. बरोबर जाऊ नाहीतर नणंद असेल तर सरळ रस्ता ओलांडून पलीकडं जाते. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता मीच आधी मान वळवते. माणसं बीपी-शुगर कबूल करतील, पोरगं नापास झालेलं कबूल करतील, पण आपल्या कोठीत उंदीर आहे हे मेली तरी कबूल करणार नाहीत. आमच्या स्कूटरवर पूर्वी धंद्याचं नाव रंगवलेलं होतं. गिऱ्हाइकांनीच ते पुसायला लावलं.

त्यामुळं ह्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी म्हटलं, माझं नाव छापा, गिऱ्हाइकांचं छापायचं नाही. खाली जी माणसं येतील त्यांची नावं एकतर मी सांगितलेली नाहीत, नाहीतर बदललेली आहेत. मालतीआक्काचं तेवढं खरं आहे. तिनंच सांगितलं, माझं नाव घाल, आणि मोठ्या अक्षरात घाल म्हणावं.

आम्ही राहायला संकेश्वरला. कामं इकडं बेळगावपर्यंत आणि तिकडं निपाणी-कोगनोळीपर्यंत. माझा नवरा प्रकाश लग्नाआधी निपाणीत तंबाखूच्या वखारींत औषध मारायच्या कामाला होता. तंबाखूला एक बारीक तांबूस किडा लागतो, माणसाला जे विष ते त्याला पक्वान्न. ते काम शिकून त्यानं स्वतःचं सुरू केलं. वखारी, हॉटेलं, दवाखाने ह्यांत अडचण नव्हती. घरांत अडायचं. दुपारी घरात बाई एकटी, आणि परका पुरुष कोठीत शिरून तिचे डबे हलवणार, हे कुणाला पटेल? बायका त्याला पायरीवर चहा द्यायच्या आणि तिथूनच औषध मारा म्हणायच्या. पायरीवरून उंदीर मरत नाही. मग बॅटरी धरायला म्हणून मी जायला लागले. बघता बघता स्वयंपाकघरं सगळी माझ्याकडं आली आणि बॅटरी धरायला तो.

लोकांना वाटतं आम्ही उंदीर पकडतो. खरं तर आमचं निम्मं काम भोकं शोधण्याचं. बिळं करून जमीन पोखरते ती घूस, ती मोरीकडून येते. चिटुकला उंदीर करंगळीएवढ्या फटीतून आत शिरतो, पण तो चौकस असतो, नवा पिंजरा दिसला की बघायला येतो आणि सापडतो. अवघड असतो तो लांब शेपटीचा काळा उंदीर. तो भिंती चढतो, तारेवरून चालतो, आणि नवी वस्तू दिसली की दिवसेंदिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. म्हणून त्याचा पिंजरा आधी उघडाच ठेवायचा, रोज आत खाऊ ठेवायचा, त्याला सवय लागू द्यायची आणि मग एके दिवशी दार लावायचं. विश्वासघातच आहे तो, दुसरा शब्द नाही. स्वयंपाकघरात विष मी कधीच ठेवत नाही. विष खाल्लेला उंदीर कुठं जाऊन मरेल ते त्यालाच ठाऊक, आणि पुढचे आठ दिवस सगळ्या घराला.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उचगावचे एक आप्पा होते, शेतकरी माणूस, दोन्ही मुलं बेळगावात नोकरीला. भाद्रपद चालू होता, त्यामुळं उंदीर मारायचा नाही, सोडून द्यायचा अशी त्यांची अट. मी म्हटलं, आप्पा, लांब सोडा, नाहीतर परत येतो. तर ते थोरल्या मुलाची गाडी काढून पार कोगनोळीच्या नाक्यापलीकडं गेले. इतक्या लांब का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आमची हयात गेली महाराष्ट्रात जातो म्हणून. त्यो तरी जाऊ दे." दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन फोन. हद्दीपलीकडं पिंजऱ्याचं दार उघडलं तर उंदीर बाहेरच येईना. शेवटी पिंजरा उलटा करून झटकावा लागला.

पण मला सांगायचं आहे ते मालतीआक्काचं.

दसरा होऊन गेला होता. तिन्हीसांजेला फोन आला. पलीकडून एक बाई कुजबुजत म्हणाली, "पाहुणं आल्यात."

मला वाटलं चुकून लागला असेल. म्हटलं, "बरं, चहा टाका की त्यास्नी."

"तसलं पाहुणं न्हवं," ती म्हणाली. "शेपटीचं."

घरी बोलवायला ती तयार नव्हती. आम्ही भेटलो निपाणीच्या स्टँडमागं एका रसवंतीत. साथ संपून वर्षं झाली होती तरी तिनं मास्क लावला होता, आणि रस पिताना तो उचलायचा की खाली ओढायचा हे ठरेना म्हणून अर्धा रस मास्कनंच प्याला. मग तिनं सांगितलं. मालतीआक्का दिवाळीचा फराळ करून विकायची. नवरा गेल्यावर स्वयंपाकघरात एका कढईवर सुरू केलेलं काम, आता मागच्या अंगणात पत्र्याची शेड, पाच-सहा बायका हाताखाली. तिचे लाडू पुण्याला जायचे, कोल्हापूरला जायचे, लोकांची मुलं बाहेरदेशी असतात तिथंही जायचे. ऑर्डरी सगळ्या मोबाइलवर. आणि आता, ऐन हंगामात, कोठीच्या खोलीत रात्रीचं कुणीतरी डबे वाजवत होतं.

मी म्हटलं, उद्या येते. तर ती घाबरीघुबरी झाली. तू उंदरांची बाई म्हणून आलीस आणि माझ्या बायकांतल्या एकीला जरी कळलं, तर सांजच्याला निपाणीभर आणि ग्रुपवर पडलं की रातच्याला कोल्हापुरात, असं तिचं म्हणणं. तिनं सगळा बेत आधीच रचून ठेवला होता. मी नवी कामवाली म्हणून यायचं, बायकांत बसून फराळाचं काम करायचं आणि कुणाला न कळता उंदीर धरायचा.

"नाव काय तुझं?"

"सुनंदा."

"बरं. आडनाव कुणी इच्चारलं तर..." एवढं बोलून ती थांबली. मला फोनवर तिनं आडनाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. ती का थांबली हे तिलाही कळलं, मलाही कळलं. तिचं गिऱ्हाईक कसलं कसलं असेल ते मी समजू शकत होते.

मी म्हटलं, "आक्का, आडनाव कुणी विचारलं तर मी माझंच सांगणार. कांबळे."

तिनं ग्लासातला बर्फ हलवत जरा विचार केला. मग म्हणाली, "व्हय, तेच सांग. उंदीर कळण्यापरास ते बरं."

माझ्या आडनावापेक्षा कुणीतरी वरचढ ठरल्याचं मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. हसावं की रडावं कळेना. पण काम घेतलं. बाई सरळ होती. आडवळणानं बोलणारी असती तर मी रस तिथंच ठेवून उठले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर दोन गल्ल्या अलीकडं लावून मी कामाला गेले. पिशवीत खाली पिंजरा, वर जुनं लुगडं. शेडमध्ये बायकांवर राज्य होतं शेवंतामावशीचं. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, कढईसमोर बसली की तासन्‌तास उठायची नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, आडनाव काय. मी सांगितलं. कुणीतरी गॅस उगाचच मोठा केला, कुणीतरी बारीक केला. मग शेवंतामावशी म्हणाली, "चकली येती का?"

आडनावावर त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही. चकलीवर मात्र सगळ्या बोलल्या.

घरी मी चकली करते. आमची माणसं खातात, बोलत नाहीत. पण इथं सोऱ्या धरला आणि माझा हातच बसेना. माझ्या चकलीचा वेढा तिसऱ्या फेऱ्यात तुटायचा. काटा यायचा नाही. अनारसा तेलात हसतो असं म्हणतात, माझी चकली खदाखदा हसली आणि कढईभर पसरली. शेवंतामावशीनं झाऱ्यानं ते गोळा केलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला कडबोळ्यांवर बसवलं. कडबोळी तर काय, बोटानं वळायची. तरी त्यांतली एकही दुसरीसारखी झाली नाही. दुपारपर्यंत मी लाडू वळण्यावरूनही उतरले होते. शेवटी मला कोठीच्या दाराशी बसवून शेंगा फोडायला दिल्या, आणि लागेल तसं आतलं सामान आणून द्यायचं काम सांगितलं. मला हवी होती ती जागा मी अशी स्वतःच्या गुणावर मिळवली.

कोठीची खोली जुनी, वर कौलं, खाली शहाबादी फरशी. पत्र्याच्या डब्यांच्या रांगा, गुळाच्या ढेपा, तुपाचे डबे, खोबऱ्याच्या वाट्या, भिंतीला लावून बेसनाची पोती. मी आत गेले की आधी भिंत बघायची. उंदीर रोज एकाच वाटेनं जातो आणि त्याच्या अंगाच्या तेलकटपणानं भिंतीवर काळपट पट्टा उमटतो. तो सापडला. पावलंही सापडली, कारण त्या घरात फरशीवर पीठ सांडलेलंच असायचं. काळा उंदीर, एकटाच, चांगला पोसलेला. यायची वाट गॅसच्या नळीची. सिलेंडर बाहेर ठेवून नळी कोठीच्या भिंतीतून शेडमध्ये घेतली होती. नळी अंगठ्याएवढी आणि तिच्यासाठी पाडलेलं भोक माझी मूठ जाईल एवढं. कुणीतरी त्यात चिंधीचा बोळा कोंबला होता. उंदरानं तो कुरतडून आपल्यापुरतं दार केलं होतं.

भोक बुजवणं सोपं होतं, पण उंदीर आत असताना भोक बुजवलं तर तो आतच राहतो. आधी पिंजरा. मी तो गुळाच्या ढेपांमागं लावला. आक्काला हळूच विचारलं, थोडी सुकट आणू का, वासानं लगेच येतो. शुद्ध शाकाहारी घर ते. आक्का पांढरीफटक पडली. म्हणाली, त्यापरास उंदीर ऱ्हाऊ दे. मग मी भाजलेलं खोबरं ठेवलं, शेंगदाणे ठेवले, गूळ-तूप ठेवलं. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून त्याची सवय व्हायची वाट बघितली. तो काही शिवेना. माझी एक चकलीही ठेवून बघितली. तीही तशीच राहिली.

मधेच बेसनाचं झालं. एका पोत्याला मागून, भिंतीच्या बाजूनं, भोक पडलेलं मला दिसलं. मी आक्काला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, वरचं वरचं काढू, बारीक चाळणीनं चाळू. मी म्हटलं, "आक्का, उंदीर मी बघून घेते. पण ह्यातलं चिमूटभर जरी लाडवात गेलं तर मी चालले, आणि जाताना कशाला आलते ते सांगून जाईन." तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता मलाच हाकलते. मग पोत्याचं तोंड बांधायला लागली.

अख्खं पोतं बाहेर का जातंय हे बायकांना काय सांगायचं? आक्कानं सांगितलं, बेसन कडवट लागतंय. झालं. ती डाळ शेवंतामावशीनं स्वतः उभं राहून भाजून घेतली होती. तिला ते वर्मी लागलं. ती उठली, तरातरा आली आणि चव बघायला पोत्यात हात घालून चिमूट उचलली. ती तोंडाजवळ नेणार एवढ्यात मी तिच्या हातावर फटका मारला. बेसन तिच्या साडीवर, माझ्या केसांत. चार दिवसांपूर्वी आलेली, चकली न येणारी बाई, आणि तिनं शेवंतामावशीच्या हातावर मारलं. मी तोंडाला येईल ते म्हटलं, त्यात पाल पडली होती. तर शेवंतामावशी आक्काकडं वळून म्हणाली, मग मघाशी कडवट का म्हणलासा?

त्या दिवसापासून ती माझ्या मागावर राहिली. मी कोठीत गेले की तिला काहीतरी आणायचं आठवायचं. मी बाहेर आले की ती डब्यांची झाकणं उघडून बघायची. काजू कमी होत होते, ते तिच्या ध्यानात आलं होतं. मला तेव्हा हे कळलं नाही. मी उंदरावर नजर ठेवून होते, आणि सगळी शेड माझ्यावर.

उंदीर सापडेना आणि दिवाळी तोंडावर आली. आक्काचं जेवण तुटलं. मग एका सांजेला गुळामागं मला एक शंकरपाळं दिसलं. अख्खं, स्वच्छ, कागदाच्या कपट्यावर. मला वाटलं, उंदरानं कुठूनतरी ओढून आणलंय, ह्याला शंकरपाळी आवडतात. कागदाचा विचार मी केला नाही. तेच शंकरपाळं मी उचलून पिंजऱ्यात अडकवलं, दार लावायची तार चढवली आणि घरी गेले.

सकाळी सगळ्यांच्या आधी कोठी उघडली तर पिंजऱ्यात महाराज बसलेले. हातभर शेपूट, मिशा थरथरतायत. मी पिंजरा लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातला. भोकात तारेच्या घासण्या ठासून वर सिमेंट लावायला वेळ गेला, आणि मी बाहेर येईपर्यंत बायका जमल्या होत्या. शिवाय शेडच्या दारात आक्काची मोठी गिऱ्हाईक उभी. चिकोडीकडच्या बाई, मिस्टर इंजिनिअर, घरात बोलणं कानडी, दरसाल सगळ्या पाहुण्यारावळ्यांना इथूनच डबे पाठवणाऱ्या. आक्का त्यांना लाडवाची चव देत होती.

मी भिंतीच्या कडेनं निघाले. शेवंतामावशी कढईपुढून उठली. ती कढईपुढून उठते हेच मुळात सगळ्यांना नवल.

"पिशवी दाव," ती म्हणाली.

मी म्हटलं, माझं लुगडं आहे त्यात.

"लुगडं हालतंय व्हय?"

पिशवी खरंच हालत होती. चिकोडीच्या बाई तोंडातला लाडू तसाच धरून बघायला लागल्या. शेवंतामावशी आक्काला सांगू लागली, ही आल्यापास्नं काजू कमी झाल्यात, सारखी कोठीत असती, हिला कोठीच्या दारात बसवली तीच चूक झाली.

माझी आई विड्या वळायची. कारखान्याच्या दारात रोज तिची पिशवी उलटी करून बघायचे. ती शांतपणे उभी राहायची आणि घरी येऊन आम्हा भावंडांना सांगायची, शिका, म्हणजे तुमची पिशवी कुणी उलटी करणार न्हाय. मी बी. ए. केलं होतं. आणि आता माझ्या पिशवीवर कुणाचातरी हात होता. मी ती सोडली नाही. उघडून दाखवली असती तर चोरीचा डाग तिथंच पुसला असता, पण गिऱ्हाइकासमोर आक्काच्या घरातला उंदीर काढून दाखवायचा म्हणजे तिची दिवाळी मीच बुडवायची. न दाखवावी तर चोर, आणि नुसती चोर नव्हे, कांबळेबाई चोर. मी आक्काकडं बघितलं. शब्द तिनं माझ्याकडून घेतला होता, तिनंच तो मोडायला हवा होता.

आक्कानं एकदा गिऱ्हाइकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"शेवंते, हात काढ. ती चोर न्हाय. मीच बोलावलीया तिला," ती म्हणाली. "तिच्या पिशवीत पाहुणा हाय."

कुणालाच काही समजलं नाही. चिकोडीच्या बाईंना मराठी कळायचं, पण पिशवीत पाहुणा कसा मावतो हे त्यांना कळेना. त्यांनी विचारलं, कसला पाहुणा? आक्काला पुढं बोलवेना. माझ्या शेजारी करंज्या भरणारी एक पोरगी कानडी मुलखातली. तिनं पिशवीच्या फटीतून आत बघितलं होतं. ती मदतीला धावली.

"इली री, इली."

कानडीत इली म्हणजे उंदीर आणि इल्ली म्हणजे इथं. बाईंना वाटलं ती इथं म्हणतेय. त्या म्हणाल्या, "इल्ली? इल्ली एन ऐती?" म्हणजे इथं काय आहे?

"इल्ली अल्ला री. इली." इल्ली नव्हे हो, इली.

"अदं केळाकत्तीन. इल्ली एन?" तेच विचारतेय, इथं काय?

हे अजून किती वेळ चाललं असतं कुणास ठाऊक. मीच लुगडं बाजूला केलं आणि पिंजरा फरशीवर ठेवला.

मी बायकांच्या किंचाळण्याची वाट बघत होते. कुणी किंचाळलं नाही. शेवंतामावशी वाकली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "घावला व्हय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. उंदीर सगळ्यांना ठाऊक होता. करंजीवालीला ठाऊक होता, लाडूवालीला ठाऊक होता, चिवडावालीनं तर त्याला बघून दोनदा देवाचं नाव घेतलं होतं. आक्का स्वच्छतेची एवढी कडक की तिला कळलं तर ऐन दिवाळीत काम बंद ठेवेल, म्हणून जी ती गप्प बसली होती आणि आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं समजत होती. चिंधीचा बोळा शेवंतामावशीनं कोंबला होता. आणि उंदरानं पोत्यांना तोंड लावू नये म्हणून घरी जाताना ती रोज गुळामागं एक शंकरपाळं ठेवत होती, कागदावर, व्यवस्थित. पोट भरलेला उंदीर माझ्या खोबऱ्याकडं कशाला बघेल?

पोतं कुणी फोडलं होतं ते मी तिला सांगितलं. सैल झाकणाच्या डब्यातले काजूही तोच नेत होता, हेही सांगितलं. ती पिंजऱ्याकडं बघत राहिली. मघाशी माझ्यावर होता त्यापेक्षा जास्त राग आता तिच्या तोंडावर होता.

"शंकरपाळं खाऊन बी बेसनाला लागला?" ती म्हणाली.

चिकोडीच्या बाई आतापर्यंत एका बाजूला होत्या. आक्का त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. म्हणाली, खराब झालेलं सगळं टाकलंय, पण तुम्हाला न्यायचं नसलं तर माझं काही म्हणणं न्हाय. बाईंनी पिंजऱ्याला एक प्रदक्षिणा घातली. मग मला हातानं खूण करून शेडच्या कोपऱ्यात नेलं आणि अगदी कानाशी लागून म्हणाल्या, "नम्म मन्याग इदक्किंत दोड्डद ऐती." आमच्या घरात ह्याहून मोठा आहे. मी नंबर दिला.

त्यांनी डबे नेले, पण डोळ्यांसमोर नवं पोतं फोडून लाडू करायला लावले आणि होईपर्यंत खुर्ची टाकून बसल्या. बातमी जायची ती गेलीच. कोल्हापूरच्या दोघा-तिघांनी त्या वर्षी ऑर्डर रद्द केली, त्यातली दोन माणसं पुढच्या वर्षी परत आली. आक्कानं कोठीची भिंत गिलावा करून घेतली, पोती जाऊन स्टीलच्या कोठ्या आल्या, आणि दर महिन्याला तपासणीला मी. आता नवीन गिऱ्हाईक आलं की ती स्वतःच सांगते, आमच्यात कांबळेबाई येतात महिन्याला, एक मुंगी सापडायची न्हाय. मुंग्या सापडतात, पण मी काही बोलत नाही. काही लोकांनी ते ऐकून पुन्हा तोंड दाखवलं नसेल, उंदरामुळं की आडनावामुळं हे मी विचारलेलं नाही.

शेवंतामावशीनं माझी माफी वगैरे मागितली नाही. त्या दिवशी सगळं थंड झाल्यावर तिनं मला कढईजवळ बसवलं, माझ्या हातावर हात ठेवून सोऱ्या फिरवला आणि मोहन कुठं कमी पडतं ते सांगितलं. काटा आला. मग तिनं पिंजऱ्याकडं मान करून विचारलं, आता ह्येचं काय करणार? सोडत न्हाईस का?

मी खरं तेच सांगितलं. सोडला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी कोठीत जातो, आणि तिथं त्याला कुणी शंकरपाळी घालत नाही. आम्ही सोडत नाही. प्रकाश बघतो ते, लगेच होतं, हाल होत नाहीत. हे सांगताना मला कधीच बरं वाटत नाही. तिला मी काय सांगितलं ते कळलं. तिनं मान हलवली. मग उठून डब्यातून एक शंकरपाळं आणलं आणि पिंजऱ्याच्या तारांतून आत सरकवलं.

"उपाशी नगं जायला," ती म्हणाली.

पिशवी स्कूटरच्या पुढं, पायाशी ठेवून मी निघाले. निपाणी संपेपर्यंत पायाशी काही हालचाल नव्हती. मला वाटलं, त्यानं शंकरपाळ्याला तोंड लावलेलं नाही. तवंदी घाट चढून गेल्यावर रोजच्या टपरीवर मी चहाला थांबले. स्कूटर शेजारीच उभी होती. चहा निम्मा झाला असेल तेवढ्यात पिशवीतून बारीक कुरकुर ऐकू यायला लागली. मी टपरीवाल्याला अजून एक चहा सांगितला, आणि पिशवीतल्याचं खाऊन होईपर्यंत तो प्यायले.